कुणी विचारणारं नसताना सकाळी उठायचं कशासाठी?

आगरवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज विचारतोय.

दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारच्या काही तासांत सगळी आडवी झाली. आजोबांच्या हातच्या पोफळी एकमेकींवर पडलेल्या, मधून वाट काढायची तर कोयती घेऊनच जावं लागत होतं. मी तेव्हा ठाण्यात नोकरीला होतो. टाळेबंदीत घरी आलो तो परत गेलोच नाही. राहा असं कुणी म्हटलं नाही, जा असंही कुणी म्हटलं नाही. वाडी परत उभी करायची हे माझं मीच ठरवलं.

पहिली दोन वर्षं अंगात वारं शिरल्यासारखा राबलो. चारशे पोफळी लावल्या, साठ माड लावले. पाट नव्याने काढले, आळी केली. रात्री पाठ टेकली की उद्याची कामं डोळ्यांपुढे रांगेने उभी असायची.

पण पोफळ हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. झाडं माझ्या डोक्यावर गेली आहेत, पोय, म्हणजे सुपारीचा फुलोरा, एकीलाही नाही. गेल्या उन्हाळ्यापासून असं होतंय की सकाळी जाग येते, पंपापर्यंत पन्नास पावलं जायचं असतं, आणि मी आढ्याकडे बघत पडून राहतो. बायको शिक्षिका आहे, घर चालतं, त्यामुळे चुलीचा प्रश्न नाही. ठाण्यात साहेब होता, महिनाअखेर होती. इथे एक दिवस शिंपणं राहिलं तर पोफळ काही बोलत नाही. आठ दिवसांनी पानं पिवळी दिसायला लागतात आणि मग मला स्वतःची लाज वाटते.

उमेद वाढवणाऱ्या चित्रफिती बघून झाल्या. त्यांचा असर दुपारच्या जेवणापर्यंत टिकतो. तर प्रश्न साधा आहे: आतून येणारी उमेद तुम्ही कुठून आणता? आणि आणल्यावर टिकवता कशी?

---

सुरंगी

वाचतेय. दोन वर्षांपूर्वी विणकामाचा छोटा उद्योग सुरू केला, माझंही अगदी हेच झालंय. धागा वर राहू द्या.

---

मास्तर_संगमेश्वर

आगरवाट, तुमच्या वाडीपासून मुरूड किती लांब? महर्षी कर्वे त्या गावचे. मुलगा असताना परीक्षेला बसायचं म्हणून ऐन पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परत पाठवलं. तेवढ्यावर एखाद्याने शिक्षणाचा नाद सोडला असता. यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ स्थापन केलं. १९५८ ला भारतरत्न मिळालं तेव्हा शंभरी गाठलेली.

छत्तीस वर्षं शिकवलं मी. कर्व्यांची ही गोष्ट प्रत्येक वर्गाला सांगितली आणि दर वेळी मलाच तिने उभं केलं. ध्येय आपल्यापेक्षा मोठं असलं की सकाळी कुणी उठवावं लागत नाही. तुम्हीही वाडीकडे चारशे झाडं म्हणून बघू नका. गावचा किनारा परत हिरवा होतोय असं बघा.

---

ओहोटी

गुरुजी, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. थोरांच्या गोष्टींनी माझी उमेद उलट खचते. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. त्यांचं करून, दुपारी तासभर मिळतो त्यात मी पेटी शिकते. त्या तासाला 'कर्व्यांनी काय केलं बघ' असं कुणी म्हटलं तर मी पेटीचं झाकण लावून टाकीन. मला त्या तासात फक्त कालची अडलेली जागा आज सुटायला हवी असते. ध्येय मोठं झालं की माझी आजची सकाळ फार लहान दिसायला लागते.

---

मास्तर_संगमेश्वर

ओहोटीताई, हे मी कधी या बाजूने पाहिलं नव्हतं. वर्गातली मागच्या बाकावरची काही मुलं आठवली. विचार करतो.

---

बोलका_बाक

मी रत्नागिरीत मानसशास्त्र शिकवते. माझ्या विषयातलं थोडं सांगते, कारण या प्रश्नावर पन्नासेक वर्षं काम झालंय.

१९७१ साली एडवर्ड डेसी यांनी कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या टप्प्यात कोड्यामागे पैसे दिले आणि नंतर बंद केले. पैसे थांबल्यावर, मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणं त्या गटात कमी झालं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर असाच प्रयोग केला. चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड तशीच राहिली. म्हणजे बक्षीस आधीच कबूल झालं, की ज्या आवडीने काम करत होतो तीच मागे पडते.

पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं की आतली ओढ तीन गोष्टींवर जगते. काम आपण स्वतः निवडलेलं असावं. ते आपल्याला जमतंय, पुढे सरकतंय, हे कळत राहावं. आणि त्यात आपली माणसं असावीत.

आगरवाट, तुमची पहिली गोष्ट भक्कम आहे, हे तुम्हीच लिहिलंय. दुसरीकडे मात्र गेली काही वर्षं उपासमार आहे. झाड वाढतंय, पण तुम्हाला ते रोज कळेल अशी एकही खूण तुमच्याजवळ नाही. आणि तिसरीचं काय? तुमच्या अख्ख्या मजकुरात वाडीत तुमच्याबरोबर दुसरं माणूस नाही.

---

कलमवाला

ताई, प्रयोगशाळेतल्या मुलांना घर चालवायचं नसतं. माझी देवगडला हापूसची कलमं आहेत, डोक्यावर कर्ज आहे. मोहोरावर तुडतुडा दिसला की पहाटे पाचला फवारणीचा पंप पाठीला लागतो. उमेद आहे का नाही ते बघायला वेळ नसतो. बारा वर्षं हप्त्याने उठवलंय मला, आणि त्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. भीतीने उठलेला माणूसही चांगलं काम करतो.

घर दुसऱ्या पगारावर चालत असेल तर आगरवाट यांचा प्रश्न थोडा सुखातला आहे. राग नको, जे वाटलं ते लिहिलं.

---

आगरवाट

@कलमवाला, राग नाही. सुखातला आहेच. म्हणूनच जास्त टोचतं.

---

बोलका_बाक

@कलमवाला, तुमचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बक्षिसाने आवड खरंच मरते का, यावर १९९० च्या दशकात अभ्यासकांत चांगलीच जुंपली होती. आणि बाहेरचा प्रत्येक रेटा वाईट असं डेसी-रायनही म्हणत नाहीत. बाहेरून आलेली गोष्ट हळूहळू आपलीशी होऊ शकते. एक विचारू? उद्या कर्ज फिटलं तर कलमं सोडून द्याल?

---

कलमवाला

नाही. ती वडिलांनी लावलीत. कर्ज फिटलं तरी पाचलाच उठेन बहुतेक. तुम्ही विचारेपर्यंत हे डोक्यात आलं नव्हतं.

---

अबोली_कुडाळ

मी स्पर्धा परीक्षा देते. तिसरं वर्ष. घरात कुणी बोलत नाही, पण जेवताना ताटाकडे बघूनही कळतं.

मला उमेद अशी रोज येत नाही. पहिल्या वर्षी मी तिची वाट बघत बसायचे. आज मन लागत नाही, उद्या करू. असे किती उद्या गेले ते मोजलं नाही. मग मी एक ठरवलं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की ओट्यावरच पुस्तक उघडायचं आणि चहा उकळेपर्यंत एक पान वाचायचं. फक्त एक पान. मन लागो न लागो. चहा गाळून होईपर्यंत बहुतेक वेळा दुसरं पान सुरू झालेलं असतं. नाही झालं तर पुस्तक मिटायची मुभा आहे, आणि ती मी खरंच वापरते. ती मुभा काढून घेतली तर ओट्यावर पुस्तक जाणारच नाही.

आगरवाट दादा, पंपाची पन्नास पावलं जाऊ नका. उठल्यावर चूळ भरायची ती विहिरीपाशी जाऊन भरा. पुढचं तिथे ठरवा.

---

बोलका_बाक

अबोली, तू केलंस त्यावरही संशोधन आहे. पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं की नुसतं 'अभ्यास करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त होतं. तुझं आधण म्हणजे तेच.

---

वाळूतली_वाट

मंडणगड तालुक्यातून. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायचं काम तुम्हाला ठाऊक असेल. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ते सुरू केलं, मग गावाने हाती घेतलं. त्याआधी अंडी सर्रास खाण्या-विकण्यात जायची.

मी काही हंगाम किनाऱ्यावर फेऱ्या मारल्यात. बाहेरून लोक येतात ती पिल्लं समुद्रात जाताना बघायला. टोपली उचलली, वाळू हलली, तळहाताएवढंही नसलेलं काळं पिल्लू लाटेकडे निघालं, की सगळ्यांचे डोळे भरून येतात. माझेही येतात. पण तो क्षण हंगामात थोडा. बाकी काम म्हणजे थंडीतल्या पहाटे किनारा चालत जायचं आणि मादीच्या पायाचे माग शोधायचे. बहुतेक दिवशी माग नसतो. घरटं मिळालं की शंभर-सव्वाशे अंडी हलक्या हाताने काढून संरक्षित जागेत तसाच खड्डा करून ठेवायची. मग पन्नासेक दिवस नुसती वाळू. वर काहीही दिसत नाही.

त्या पन्नास दिवसांत मला कशाने धरून ठेवलं हे तुमचा धागा वाचून आठवत होतो. एक म्हणजे वही. तारीख, घरटं, अंडी, किती दिवस झाले. वाळूवर काही दिसत नसलं तरी वहीत आकडा पुढे सरकतो. आणि दुसरं, माझ्या जोडीला एक काका होते. ते पावणेपाचला माझ्या अंगणात येऊन बॅटरीचा झोत खिडकीवर टाकायचे. हाक मारत नसत, घरातले उठतील म्हणून. तो झोत भिंतीवर हलताना दिसला की पांघरुणात राहणं अशक्य.

---

दर्याकाठ

माजा आजोळ मालवणचा. रापणीचा सांगतंय.

होडी जाळा घेऊन दर्यात अर्धगोल मारून येता, मगे दोनय टोकांचे दोर किनाऱ्यार. एकेका दोराक पंधरा-वीस माणसा. ओढताना कोणाक उमेद आसा नि कोणाक नाय ता कळणा नाय. हातात दोर इलो की पाय आपसूक मागे जातत. मासो गावलो तर सगळ्यांक वाटो. नाय गावलो तरी फाल्यां सगळी परत थयच.

भावानू, तुमी रापण एकट्यान ओढतास. दोराक आणखी चार हात लावून घेवा.

---

सुरंगी

दर्याकाठ, हे वाचून मी उठून मैत्रिणीला फोन केला. तिच्याकडेही लोकर पडून आहे. उद्यापासून दुपारी एकत्र बसणार.

---

पाचपाखाडी_ते_पाजपंढरी

थोडं अवांतर, पण कामाचं. आगरवाट, नुसत्या पोफळीवर सात वर्षं का काढताय? रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राची 'लाखी बाग' बघून या. माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, खोडावर काळी मिरी, मोकळ्या पट्ट्यात केळी, अननस. केळीचा लोंगर वर्ष-सव्वा वर्षात हाती येतो, मिरी तिसऱ्या वर्षापासून लागते. कोवळ्या पोफळींना केळीची सावलीही होते, उन्हाचा चटका बसत नाही.

शिवाय पावसात कोयकलमं बांधा. जुलैत मी पडवीत बसतो. कोय रुजून दोन आठवड्यांचं रोप तांबूस असतं, पान अजून हिरवं झालेलं नसतं, नेमकं तेव्हाच ते घ्यायचं. शेंडा छाटून मधोमध काप द्यायचा, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. पागोळ्यांचा आवाज चालू असतो, बोटांना चीक लागतो. तीनेक आठवड्यांनी काडीचा डोळा फुगलेला दिसला की जे वाटतं ते सांगता येत नाही. त्या दिवशी कुणी मला उमेदीबद्दल विचारलं तर त्याला मी ते रोपच दाखवीन.

---

कलमवाला

काडी तीन-चार महिन्यांची, फुगीर डोळ्याची घ्या, आणि आठ-दहा दिवस आधी तिची पानं छाटून ठेवा. नाहीतर मर जास्त होते. (आता हा कलमांचा धागा होणार.)

---

दवाखाना_घाटमाथा

धागा कलमांवर रंगण्याआधी एक गोष्ट लिहिते, कारण ती अजून कुणी लिहिली नाही. मी डॉक्टर आहे.

आगरवाट, तुम्ही सकाळी आढ्याकडे बघत पडून राहण्याचं लिहिलंत. उमेद कमी होणं आणि नैराश्य यांत फरक आहे, पण दोन्ही बाहेरून सारखी दिसतात. झोप लवकर मोडते का? जेवणाची चव गेली आहे का? पूर्वी आवडायच्या गोष्टींतही मन रमत नाही का? मी घरच्यांना भार झालोय असं मनात येतं का? यातलं बरंचसं दोन आठवड्यांहून जास्त रोज होत असेल तर तो आळस नव्हे आणि इच्छाशक्तीची कमतरताही नव्हे. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. सरकारची टेली मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं.

वादळानंतरची पहिली दोन वर्षं लोक खूप धडाडीने उभी राहतात. चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरानंतरही मी हे पाहिलं. चिखल काढताना कुणी खचलेलं दिसलं नाही. दुकानं परत उघडली, सगळं सुरळीत झालं असं वाटायला लागलं, त्यानंतर माणसं माझ्याकडे येऊ लागली. तुमचा काळ मला तसाच वाटतो.

अबोलीने जे सांगितलं, आधी कृती आणि मन मागून, ते नैराश्याच्या उपचारातही वापरतात. पण तिथे ते कुणाच्या तरी सोबतीने करायचं असतं.

---

आगरवाट

डॉक्टर, तुमचे प्रश्न बायकोला वाचून दाखवले. झोप आणि जेवण ठीक आहे. पण 'पूर्वी आवडायच्या गोष्टी' म्हटल्यावर ती म्हणाली, तू दोन वर्षांत भजनाला गेला नाहीस. मला हे लक्षातच आलं नव्हतं. मी मृदंग वाजवायचो. सोमवारी तालुक्याला जाऊन दाखवून घेतो, ती सोबत येतेय.

ओहोटीताई, 'अडलेली जागा सुटणं' हे मनात घर करून राहिलंय. पण माझ्या वाडीत रोज सुटेल अशी जागा कोणती?

---

वाळूतली_वाट

वही करा हो.

---

आज्जी_आंबोळी

मुला, मी गुहागरकडची, आता डोंबिवलीत लेकाकडे असते. बोटं चालत नाहीत, नात लिहून देते आहे.

आमच्या सासऱ्यांची पोफळीची बाग होती. पोफळीची झावळी गळून विरी खाली पडली की खोडावर एक कडं उमटतं. मला सून म्हणून आणलं तेव्हा बोलायला कुणी नसायचं. मी विहिरीकाठच्या एका पोफळीची कडी मोजायचे. नवीन कड्याजवळ खोड हिरवंगार असतं. खालची राखी होत जातात. पोय लागण्याआधी झाडाचं सगळं चाललेलं तिथे लिहिलेलं असतं. तू वर पोयीकडे बघतोस म्हणून तुला काही दिसत नाही. खोडाकडे बघ.

आणि भजनाला जा.

---

ओहोटी

आज्जी, नमस्कार करते तुम्हाला.

---

मास्तर_संगमेश्वर

आगरवाट, गावातल्या शाळेची मुलं वाडीत बोलवा. एकेका मुलाला एकेक पोफळ द्या, कडी मोजायला. मुलं दर शनिवारी विचारायला येतील, आणि मुलांना चुकवता येत नाही हे मी छत्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. या वेळी कर्व्यांची गोष्ट सांगणार नाही.

---

कलमवाला

फेब्रुवारीत मोहोराचं काम आटोपलं की मी एक दिवस येतो. पाटाची उतरण बघू. चहा तुमच्याकडे.

---

आगरवाट

बारा दिवसांनी लिहितोय.

डॉक्टरांनी तपासलं, महिन्याने परत बोलावलंय. सध्या औषध नको म्हणाले, पण येत राहा म्हणाले.

वही केली. वाडीला पहिल्यांदाच नावं दिली, ओळींना. 'विहीरओळ', 'कुंपणओळ', 'आजोबांची ओळ'. रोज एकाच ओळीची कडी मोजतो. सर्वांत जास्त भरली विहीरओळीतल्या तिसऱ्या पोफळीची. कुंपणओळ फार मागे आहे. का, ते काल कळलं. पाटाला मधे खेकड्याने भोक पाडलंय, पाणी तिथेच जिरतं आणि शेवटच्या नऊ झाडांना पोचतच नाही. दोन वर्षं मी त्या झाडांना आळशी म्हणत होतो. काल संध्याकाळी चिकणमाती कालवून भोक बुजवलं आणि पाणी शेवटच्या आळ्यात शिरेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

सगळ्या सकाळी जमल्या असं नाही. बारांतल्या चार दिवशी पडून राहिलो. पण चूळ भरायला विहिरीवर जातो. गेल्या शनिवारी शाळेतली सात मुलं आली होती. एक मुलगी फार चौकस आहे, कुंपणओळीतली सातवी पोफळ तिने मागून घेतली. सगळ्यांत बारीक तीच आहे. मी म्हटलं दुसरी घे, तर नको म्हणाली.

कलमवाला, फेब्रुवारीत नक्की या. पाटाची उतरण खरंच बघायची आहे, मधे पाणी तुंबतंय. येताना जमल्या तर तुमच्याकडच्या चार काड्या आणा. पडवीत कोयी रुजत घालायची जागा मोकळी केली आहे, पण जुलै अजून लांब आहे, तोवर त्या काड्या टिकणार नाहीत ना?

---

कलमवाला

नाही टिकणार. काड्या ताज्याच लागतात. जुलैत परत येईन.